सदतिसाव्याचं पाचवं रीळ

ग्रंथालयाच्या सभागृहात त्या शनिवारी दुपारी सत्तेचाळीस माणसं होती. पडद्यावरच्या म्हाताऱ्याला खांद्यावरून घराबाहेर नेऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि तोच म्हातारा आता दारातल्या खुर्चीत बसून मुलीवर खेकसत होता, की या घरात राहायचं तर माझ्या पद्धतीनं राहायचं. पंचेचाळीस माणसं हे श्वास रोखून बघत होती, एक झोपलं होतं, आणि सत्तेचाळिसावं उठून उभं राहिलं.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "रीळ चुकलंय. सहावं आधी लागलंय, पाचवं नंतर."

मागून दोघातिघांनी 'शूऽऽ' केलं. त्या आवाजानं शेजारी झोपलेल्या नवऱ्याला जाग आली. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस तो, अर्धवट झोपेत त्याच्या तोंडून निघालं, "पुढे सरका, पुढे जागा आहे." काही जण हसले. बाई हसल्या नाहीत. सिनेमा कुणी थांबवला नाही. मागच्या माणसानं "ओ बाई, डोकं!" असं म्हटल्यावर त्या बसल्या, तेही खुर्चीच्या काठावर, उठून भांडायच्या बेतानं बसावं तशा.

यादीतला हा सदतिसावा सिनेमा. शहरातल्या चित्रपट मंडळानं दोन वर्षं बैठका घेऊन जगातल्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांची यादी केली होती. ती वर्तमानपत्रात छापून आली आणि दर शनिवारी तीन वाजता ग्रंथालयात एकेक सिनेमा क्रमानं दाखवायला सुरुवात झाली. बाईंनी यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. अडुसष्टाव्या वर्षी हे काय नवीन, असं नवऱ्याला वाटलं. चार आठवड्यांत खूळ उतरेल म्हणून तोही सोबत जाऊ लागला. खूळ उतरलं नाही. बाईंचा एकही शनिवार चुकला नाही. त्यांच्या हिशेबानं पहिल्या छत्तीसांपैकी नऊ चांगले होते, सोळा ठीक होते, आणि उरलेल्या अकरांमध्ये माणसं खिडकीतून बाहेर बघत होती.

"तुला सदतिसावाच बघायचाय ना?" नवरा पहिल्याच शनिवारी म्हणाला होता. "मग सदतिसाव्या शनिवारी जाऊ. मधले छत्तीस थांबे कशाला घ्यायचे?"

"यादी म्हणजे यादी. क्रमानं बघायची."

"एखादी जलद गाडी नसते का?"

"नसते."

क्रमाच्या बाबतीत बाई अशा कडक का, हे नवऱ्याला माहीत होतं. म्हणून त्यानं पुढे वाद घातला नाही.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी बाई एका चित्रपट वितरकाच्या गोदामात प्रिंट तपासायचं काम करत. लांबट खोली, छताला दिव्यांच्या नळ्या, चार टेबलं. प्रत्येक टेबलाच्या दोन्ही टोकांना हातानं फिरवायची चक्रं. डावीकडच्या चक्रावर रीळ चढवायचं, उजवीकडच्याचा दांडा फिरवायचा आणि मधून धावणारी फिल्म अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीतून जाऊ द्यायची. कुठे कडेची भोकं फाटलीत, कुठला जोड सुटत आलाय, हे डोळ्यांआधी बोटांना कळायचं. कळलं की थांबायचं, खराब तुकडा कापायचा, जोड द्यायचा, पुढे जायचं. एका सिनेमाची आठ-नऊ रिळं, एकेक पंधरा-सोळा मिनिटांचं. चित्रगृहातून प्रिंट परत आला की तपासून डब्यांत भरायचा आणि दुसऱ्या चित्रगृहाकडे रवाना करायचा.

सहा वर्षांत बाईंच्या चिमटीतून शेकड्यांनी सिनेमे गेले. पडद्यावर त्यांनी त्यातला एकही बघितला नव्हता. सहा दिवस फिल्म हाताळल्यावर सातव्या दिवशी पुन्हा तिचं तोंड बघायला पैसे मोजणारी बाई त्या गोदामात नव्हती. हलवायाच्या घरी गोडाचं कौतुक नसतं, तशातली गत. सिनेमे त्यांना ठाऊक होते ते फाटण्यावरून. अमका नाचात फाटतो, कारण लोक तो तुकडा पुन्हा लावायला सांगतात. तमका शेवटी फाटत नाही, कारण शेवटपर्यंत कुणी थांबत नाही.

टेबलाचा एक नियम होता. एका वेळी टेबलावर एकच रीळ. त्याच्या तोंडाशी कोरी पट्टी असते, तिच्यावर रिळाचा क्रमांक लिहिलेला असतो. पट्टी बदलायची तर नवीवर क्रमांक लिहून होईपर्यंत दुसरं रीळ डब्यातून काढायचं नाही.

त्या दिवशी एका चित्रगृहाच्या पाण्याच्या टाकीखाली भिजलेले डबे आले. नवाच सिनेमा होता, चालत नव्हता, पण दुसऱ्या दिवशी दुसरीकडे लागायचा होता. शेजारच्या टेबलावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेली, तिचंही काम यांच्याकडे. पाचव्या आणि सहाव्या रिळाच्या पट्ट्या भिजून चिकटल्या होत्या. बाईंनी दोन्ही रिळं टेबलावर घेतली, दोन्ही पट्ट्या कापल्या, दोन नव्या जोडल्या, आणि पाचाला सहा लिहिलं, सहाला पाच. डब्यांवरच्या चिठ्ठ्याही पट्टी बघून लिहायच्या असतात, त्यामुळे त्याही तशाच गेल्या.

चित्रगृहात प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. मेलेला बाप भांडायला उठला म्हणून शिट्ट्या वाजल्या, दोन खुर्च्या मोडल्या. मालकानं तक्रार केली. गोदामप्रमुखानं बाईंना बोलावलं. तो विनोदी माणूस होता. "पाचामुखी परमेश्वर म्हणतात," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या पाचाच्या मुखी सहा कसा आला?" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "माझ्या हातून झालं." त्यावर तो म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. हातात चिठ्ठी दिली. तिच्यात सिनेमाचं नाव, दोन्ही रिळांचे क्रमांक, आणि 'निष्काळजीपणा' हा एक शब्द, खाली रेघ मारलेला.

त्यानंतर बाईंनी औषधाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गोळ्यांची पाकिटं मोजली. एकही चुकलं नाही. कौतुकाचा शब्द कुणी बोललं नाही, कारण न चुकण्याची चिठ्ठी कुणी देत नाही.

आता या सगळ्यात बाईंनी स्वतःला कधी निर्दोष ठरवलं नाही, हे सांगायला हवं. टाकी गळत होती, दोघींचं काम एकीवर होतं, हे सगळं खरं. पण नियम मोडला तो आपण, चूक आपली, हे त्यांनी तेव्हाही म्हटलं आणि पुढेही. यादीत तो सिनेमा सदतिसाव्या जागी दिसला तेव्हा त्यांना एकच वाटलं, की ज्याच्यापायी नोकरी गेली तो सिनेमा एकदा नीट, पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत बघावा. आणि बघायला गेल्या तर पडद्यावर त्यांचीच चूक चालू होती, आणि लोक तिच्यापुढे हात जोडून बसले होते.

सिनेमा संपल्यावर चर्चा असे. मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक होते. या शंभर चित्रपटांवर त्यांनी लिहिलेलं जाडजूड पुस्तक नुकतंच बाहेर आलं होतं आणि त्यातलं सर्वांत लांब प्रकरण या सदतिसाव्यावर होतं. ते उठले, चष्मा पुसला.

"या चित्रपटात मृत्यूला व्याकरण नाही," ते म्हणाले. "बाप जातो, आणि मग आठवणीत परत येतो, तोही भांडायला. मुलगी घर सोडते, परत येते, पण कुणाकडे? रिकाम्या घराकडे. आणि ती हाक! आधी दारात उभं राहून ती हाक मारते तेव्हा आपल्याला नुसतं 'बा' ऐकू येतं. पाऊण तास... नाही, अर्ध्या तासानं, पडद्यावर दाराचं कुलूप आहे, आणि वरून पुन्हा 'बा'. दोन तुकड्यांत फाटलेली हाक. असं धाडस त्या काळात कुणी केलं नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पुन्हा उभ्या राहिल्या.

"धाडस नाही ते. चूक आहे. पाचवं रीळ सहाव्याच्या जागी लागलंय."

"प्रत्येक प्रेक्षक आपापला चित्रपट बघत असतो," प्राध्यापक प्रेमानं म्हणाले. "तुमची प्रतिक्रियाही महत्त्वाची आहे."

"प्रतिक्रिया नाही हो, माहिती देतेय. ती चूक मी केली होती."

सभागृहात हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं. म्हातारी गमतीदार आहे, असं ते हसू होतं. बाईंना खरा राग आला तो तेव्हा.

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "लोकांना आवडलंय, तर आवडू दे की."

"अहो, त्या चुकीपायी मला घालवलं. मान खाली घालून मी बाहेर पडले. ठीक आहे, माझं चुकलं होतं. आता हे शहाणे म्हणतायत, चूकच नव्हती, कला होती. मग मला कशाबद्दल घालवलं? कला केली म्हणून?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि त्या मुलीनं 'बाबा' म्हटलंय, सरळ, एका दमात. तिचे दोन तुकडे मी केले. तिचं तिला परत मिळायला नको?"

नवऱ्यानं मान हलवली. घरी आल्यावर त्यानं कुणी न सांगता कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनी कागदपत्रांची पेटी काढून दिली.

सोमवारी बाई गोदामातली ती चिठ्ठी घेऊन प्राध्यापकांच्या महाविद्यालयात गेल्या. खोली पुस्तकांनी भरलेली, खुर्चीवरही पुस्तकं. प्राध्यापकांनी ती उचलून जमिनीवर ठेवली आणि बसायला सांगितलं. चिठ्ठी दोनदा वाचली.

"ही खरी असणार, शंका नाही," ते म्हणाले. "पण बाई, त्या चित्रपटाच्या तेव्हा बावीस प्रती होत्या. मंडळानं दाखवली ती तीच कशावरून?"

"तुमच्याच पुस्तकात आहे. बाकीच्या झिजून भंगारात गेल्या. एकच उरली, बंद पडलेल्या एका चित्रगृहाच्या माळ्यावर सापडली. चित्रगृहाचं नाव तुम्हीच लिहिलंय. तक्रार त्यांचीच होती. प्रिंट परत पाठवतो म्हणाले, रागानं पाठवलाच नाही."

प्राध्यापक खुर्चीत पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद उमटला, आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला.

"म्हणजे तुमच्या चुकीमुळे हा चित्रपट वाचला! रिळं बरोबर असती तर ती प्रतही गावोगाव फिरून भंगारात गेली असती. मग रागावता कशाला? उलट अभिमान बाळगा."

"अभिमान बाळगते. तुम्ही फक्त पाचवं आधी लावा आणि सहावं नंतर."

"आता ते शक्य नाही."

"का? दिग्दर्शकाची परवानगी लागते?"

"दिग्दर्शक प्रिंट सापडायच्या आधीच वारले. आणि असं बघा, जग आज या चित्रपटाला ज्या क्रमानं ओळखतं, तोच त्याचा क्रम. त्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत. मी चौदा पानं लिहिलीत."

"म्हणजे मेलेला बाप उठून भांडला तर चालतं. तुमची चौदा पानं हलली तर चालत नाही."

"तुम्ही फार शब्दशः घेताय."

"शब्दच घेतेय. एकच शब्द आहे, तोही तुम्ही अर्धाअर्धा करून विकताय."

प्राध्यापकांनी चिठ्ठी घडी घालून परत दिली आणि आपल्याला तासाला उशीर होत असल्याचं सांगितलं.

ग्रंथपाल तिशीतली मुलगी होती. सभागृहातलं यंत्र तीच चालवायची, प्रिंटवरून उतरवून घेतलेला सिनेमा तिच्याच संगणकावरून लागायचा. महाविद्यालयातून निघालेल्या बाई तडक तिच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिनं आधी पाण्याचा पेला पुढे केला.

"मावशी, तुमचं खरं असेल, पण मला कसं कळणार? मला दोन्ही क्रम सारखेच वाटतात."

"कान आहेत ना? मग कळेल."

बाईंनी तिला समजावलं. प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवायची जागा वर असते आणि आवाज वाचायची जागा खाली. म्हणून फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या वीस घरं, म्हणजे वीस चौकटी, आधी छापलेला असतो. आता रिळाच्या अगदी पहिल्या चित्राचा आवाज त्याच्या वीस घरं आधी कुठे छापणार? तिथे तर मागचं रीळ संपतंय. म्हणून तो मागच्या रिळाच्या शेपटीत छापतात. जेमतेम एका सेकंदाचा आवाज. प्रत्येक रीळ आपल्या शेपटीत पुढच्याचा पहिला आवाज घेऊन फिरतं. बरोबर रिळाला जोडलं तर काही कळत नाही. चुकीच्या रिळाला जोडलं तर तो आवाज भलत्याच चित्रावर वाजतो.

"पाचव्याच्या शेवटी मुलगी दारात येऊन उभी राहते. बघ, तोंड उघडतेय. तिथे थांबव. त्याच्यापुढचं ते कुलूप, ते सातवं रीळ. कुलपावर पहिला 'बा' वाजतोय, तो पाचव्याच्या शेपटीतला. आता सहाव्याचं तोंड काढ. मुलगी दारात, ओठ हलतायत, आणि ऐकू काय येतंय?"

"ताटली आपटल्याचा आवाज. आणि मग 'बा'."

"ताटली पाचव्याच्या सुरुवातीची, भांडणातली. ती चौथ्याच्या शेपटीत होती. तुमचे सर तिच्याबद्दल काय लिहितात?"

ग्रंथपालनं पुस्तक उघडलं. "'उपाशी आठवणींचा अदृश्य खणखणाट.'"

"घाल चुलीत. आता आवाज आणि चित्र तसंच्या तसं राहू दे, फक्त पाचव्याची शेपटी उचल आणि सहाव्याच्या तोंडाला लाव."

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. ग्रंथपालनं बटण दाबलं. मुलगी दारात आली, थांबली, आतल्या अंधाराकडे बघून म्हणाली, "बाबा." स्वच्छ. ओठ आणि आवाज एकत्र. ग्रंथपालनं ते चार वेळा ऐकलं.

"शनिवार मंडळाचा आहे," ती म्हणाली, "पण रविवारची सकाळ ग्रंथालयाची. लावते फलक."

फलकावर तिनं लिहिलं: 'सदतिसावा चित्रपट, योग्य क्रमानं.' प्राध्यापकांनी फोन करून 'योग्य' या शब्दाला हरकत घेतली. तिनं तो खोडला नाही.

रविवारी एकतीस माणसं आली. प्राध्यापकही आले, मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. नवरा जागा राहिला. बापानं ताटली आपटली, मुलगी घर सोडून गेली, तिनं दुसऱ्या गावात शिवणाचं काम धरलं, पत्र लिहिलं आणि टाकलं नाही, आणि शेवटी परत आली. "बाबा," ती म्हणाली. पुढे पंधरा मिनिटं ती आजारी बापाजवळ होती. दोघंही भांडणाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मग तो गेला. मग कुलूप. बाईंनी त्या पंधरा मिनिटांत एकदाही पाठ टेकली नाही. प्रत्येक तुकडा त्यांना बोटांनी माहीत होता आणि गोष्ट त्यांना पहिल्यांदा कळत होती.

दिवे लागले. लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. एक निवृत्त अभियंता म्हणाला, "चांगला आहे. पण साधा झाला हो." त्याची पत्नी म्हणाली, "घरगुती वाटतो." आणखी कुणीतरी म्हणालं की आधीच्यात काहीतरी गूढ होतं.

प्राध्यापक उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"ध्वनीचा पुरावा मला मान्य आहे. बाईंचं बरोबर आहे. दिग्दर्शकानं हाच चित्रपट केला होता. आता प्रामाणिकपणे सांगा, हा सदतिसावा आहे का? मी तर याला शंभरातसुद्धा घेणार नाही. त्या जागेवर जे बसलं होतं, ती दिग्दर्शकाची करामत नव्हती. बाई, ती तुमची होती. श्रेष्ठ चित्रपट तुम्ही केलात, आणि आज तुम्हीच मोडलात."

लोक हसले, आणि या वेळी टाळ्याही जोरात पडल्या. काहींनी वळून बाईंकडे कौतुकानं बघितलं. ग्रंथपालला वाटलं, बाई आता खूश होतील. बाई तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या.

"माझी कुठे?" त्या म्हणाल्या. "मी काय केलं होतं? दमले होते, दोन रिळं टेबलावर घेतली. यात करामत कसली? तुम्हाला कुणीतरी मोठं लागतंच का हो प्रत्येक वेळी? आधी तो मोठा, आता मी मोठी. आणि ती मुलगी घरी आली, बापाच्या उशाशी बसली, ते साधं आहे म्हणून काढून टाकणार? आलीये ती. बाप जिवंत असताना आलीये. इतकी वर्षं तुम्ही तिला उशिरा पोचवत होतात, माझ्यामुळे. ती वेळेवर आली हे छापा. यादीत ठेवा नाहीतर नका ठेवू."

"पुस्तक छापून झालंय, बाई."

"मग शुद्धिपत्र लावा. चूक झाली की लावतात ना?"

प्राध्यापक म्हणाले की मंडळाच्या बैठकीत विषय ठेवतो. बैठक झाली. पंधरा दिवसांनी छापील कागदावर उत्तर आलं: चित्रपट यादीत 'प्रचलित स्वरूपात' सदतिसाव्या क्रमांकावर कायम राहील; शुद्धिपत्र तथ्याच्या चुकीसाठी असतं, हा मात्र अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे; मंडळ आपल्या आस्थेबद्दल आभारी आहे.

बाईंनी ते उत्तर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. "आस्था," त्या म्हणाल्या. "त्या वेळी निष्काळजीपणा म्हणाले, आता आस्था म्हणतायत. चूक म्हणून कुणी म्हणेल तर शपथ."

"पुढे काय?" नवऱ्यानं विचारलं.

"पुढे माझी चप्पल कुठेय बघा."

ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या सहा प्रती होत्या. ग्रंथपालनं बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं, थोडा वेळ पेनाचं टोपण चावलं आणि म्हणाली की पुस्तकात वस्तुस्थितीची चूक आढळली तर टिपण जोडायचा अधिकार ग्रंथालयाला आहे, आणि तो तिनं आजवर एकदाही वापरलेला नाही. मजकूर बाईंनी सांगितला, तिनं टंकला. पहिल्यांदा तिनं 'अनवधानानं' असा शब्द घातला होता. बाईंनी तो काढायला लावला.

'या प्रकरणात वर्णन केलेला क्रम चुकीचा आहे. प्रिंट तपासताना पाचव्या आणि सहाव्या रिळाचे क्रमांक उलट लिहिले गेले. ही चूक तपासणाऱ्या बाईची आहे. दिग्दर्शकाच्या क्रमानुसार मुलगी वडिलांच्या मृत्यूपूर्वी घरी परत येते आणि त्यांना "बाबा" अशी एकच हाक मारते.'

सहा चिठ्ठ्या छापल्या. चिकटवायचं काम बाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, मथळ्याच्या बरोबर खाली, जिथून चौदा पानांचं कौतुक सुरू होत होतं तिथे. एका वेळी एकच प्रत टेबलावर. कड पानाच्या कडेला समांतर, गोंद पातळ, मधे हवा नाही, अंगठ्यानं एका दिशेनं दाबून. एक प्रत पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी दुसरी हातात घेतली नाही. ग्रंथपालला वाटलं त्या शांत झाल्या आहेत. ती तसं म्हणालीही.

"शांत कसली," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी वाकडी लागू नये म्हणून दात आवळलेत."

त्या शनिवारी एक्केचाळिसावा सिनेमा होता. सुरू व्हायला दहा मिनिटं असताना प्राध्यापक वाचनकक्षातून सभागृहात आले. हातात त्यांचंच पुस्तक, त्या पानावर बोट घालून धरलेलं. ते सरळ तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंपाशी आले. चिठ्ठीचा एक कोपरा त्यांनी नखानं उचलायचा प्रयत्न केलेला दिसत होता. कोपरा उचलला नव्हता, नखाचा ओरखडा मात्र खालच्या ओळीवर उमटला होता.

"हे तुम्ही कशानं चिकटवलंय?"

"ग्रंथालयाच्या गोंदानं."

"निघत नाही."

"नाही निघणार," बाई म्हणाल्या. "जोर केलात तर तुमचं पान फाटेल. बसा आता, सुरू होतंय. मागच्यांना दिसत नाही."